बी.ए.च्या पोरांना एआय शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

तालुक्याचा_मास्तर:
मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून, निरोप आलाय, या सत्रात ‘एआय साक्षरता’ कार्यशाळा घ्या. म्हणजे पाहुणे, बॅनर, जिओटॅग फोटो, अहवाल. ते होऊन जाईल. पण एस.वाय.च्या प्रकल्पांचा गठ्ठा तपासतोय, तर वर्गात ‘सर, म्हंजी कसं?’ विचारणाऱ्या पोराच्या प्रकल्पात ‘बहुआयामी परिप्रेक्ष्य’! बंदी घालून काही होणार नाही, हे कळतं. एका तासिकेत, लॅब आणि प्रोजेक्टरशिवाय करून घेता येईल असं काही आहे का?

सोलापूरकरीण:
भाषण नको. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाच्या हंटर आयोगाला दिलेलं निवेदन घ्या. मूळ इंग्रजीत आहे, पण पोरांना झेपतं. गटागटात झेरॉक्स वाटा. मग मोबाइलवर एआयला विचारायला लावा, ‘प्राथमिक शिक्षणाबद्दलची फुल्यांची तीन मूळ वाक्यं दे.’ ती वाक्यं पेन्सिल घेऊन झेरॉक्समध्ये शोधायची.
आमच्याकडे सक्तीच्या शिक्षणाचा मुद्दा सगळ्यांना बरोबर मिळाला, निदान बारा वर्षं वयापर्यंत तरी सक्ती करा, हा. पण एका गटाचं सगळ्यात झकास वाक्य निवेदनात कुठेच नव्हतं. पोरं जाम चिडली. यंत्र शब्दाला शब्द अंदाजाने जुळवत जातं, हे तेव्हा सांगितलं तर डोक्यात शिरतं. आधी सांगाल तर जांभया.

ग्रंथपाल_काका:
एक विनंती, मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या डिटेक्टरच्या टक्क्यांवर कुणाला नापास करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने आपला डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला. आणि यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांतले १० टक्के हे दुसऱ्याच्या मजकुराशी साम्याचे आहेत, एआयचे नव्हेत. आमच्याकडे अजूनही दोन्हींची खिचडी होते. हात जोडून सांगतो, पण प्रत्येक बैठकीत तोच आकडा निघतो.

टीवाय_वाली:
सर, आम्हाला आधी नियम तरी सांगा. एक मॅडम म्हणतात शुद्धलेखनाला वापरा, दुसरे सर म्हणतात नाव काढलंत तर शून्य. आणि राग मानू नका, प्रकल्प वाचतं कोण? माझा मागचा प्रकल्प नुसती सही होऊन परत आला.

तालुक्याचा_मास्तर:
टोमणा पोचला. यंदा पहिल्याच पानावर लिहून घेतो, एआय कशासाठी वापरलं आणि काय पडताळलं. शिवाय प्रत्येकाला त्याच्याच प्रकल्पातलं एक पान काढून दोन तोंडी प्रश्न. वेळ जाईल, जाऊ दे.
सोलापूरकर मॅडम, गट केवढे करता? आमच्याकडे ऐंशी पोरं, आणि नेटपॅक सगळ्यांकडे नसतो.

सोलापूरकरीण:
सहा-सहाचे. गटाला मोबाइल एकच, बाकीच्यांनी झेरॉक्स धरायची. आणि मोबाइल हुशार पोराच्या हातात देऊ नका, तो एकटाच सगळं उरकतो.