पक्षाघातानंतर ताठरलेल्या हातासाठी ड्राय नीडलिंग करावे का?

प्रश्न: वडिलांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले. उजवी मूठ इतकी घट्ट वळलेली असते की नखे कापताना एकेक बोट सोडवावे लागते. ड्राय नीडलिंगने ही ताठरता कायमची जाते का? ते रक्त पातळ करणारी गोळीही घेतात.

उत्तर: मी फिजिओथेरपिस्ट आहे. ड्राय नीडलिंगच्या सुईतून कोणतेही औषध जात नाही. बारीक, भरीव सुई थेट ताठर स्नायूत टोचतात आणि पुष्कळदा तो स्नायू क्षणभर उडतो. मात्र ताठरतेचे मूळ मेंदूला झालेल्या इजेत असल्याने मिळणारा सैलपणा बहुधा तात्पुरता असतो, आणि त्या अवधीत स्नायू ताणणे, मूठ उघडण्याचा सराव व स्प्लिंट (हात उघडा ठेवणारी आधारपट्टी) यांची जोड दिली नाही तर सुया टोचून फारसे काही साधत नाही. गोळीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नका. सांधाच आखडला असेल, तर सुईने तो सुटणार नाही.

दुसरे उत्तर: माझ्या आईची बोटे सुयांनंतर सैल पडत आणि तळहाताच्या घडीतली ओल नीट पुसता येई, पण दोन-तीन दिवसांत मूठ पुन्हा मिटे. पुढे बोटुलिनमचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिले. त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकला. खर्च वेगळा, अर्थातच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सांधा आखडला आहे का, हे आधी तपासून घेतो.