तारकर्लीची डॉल्फिन बोट रद्द झाली, ॲडव्हान्स बुडाला का? अनुभव सांगा

चिंचवडकर:
नमस्कार मंडळी. दिवाळीत आम्ही नऊ जण तारकर्लीला गेलो होतो, त्यात आई ७४ ची आणि दोन कार्टी. होमस्टेवाल्याने एक नंबर दिला, फोन केला तर समोरचा म्हणाला सकाळी सातला बोट, डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड सगळं फिरवून आणतो, माणशी हिशोब नाही, अख्ख्या बोटीचे पैसे, दोन हजार आत्ता टाका म्हणजे बोट तुमच्यासाठी धरून ठेवतो. मी लगेच जीपे केलं. पावती काय, तर व्हॉट्सॲपवर एक अंगठा.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला सगळ्यांना उठवून, पोरांच्या रडारडीसकट, आईला स्वेटर-कानटोपी घालून किनाऱ्यावर गेलो तर बोटी वर वाळूत ओढून ठेवलेल्या, धोक्याचा बावटा लागलाय, आज कोणी जाणार नाही. ते ठीक आहे हो, हवामान कोणाच्या हातात नसतं आणि आईला घेऊन मलाही खवळलेल्या समुद्रात जायचं नव्हतं. पण पैशांचं विचारलं तर म्हणे उद्या या. आम्ही दुपारीच निघणार होतो. मग म्हणे पुढच्या वेळी आलात की वळते करून घेऊ. पुढची वेळ कधी, आई पंच्याहत्तरी करेल तेव्हा?

प्रश्न दोन. एक, हे दोन हजार सोडून द्यायचे की काही करता येतं? दोन, जानेवारीत सासरच्या मंडळींना घेऊन गोव्याला जायचंय, मांडवीतली ती संध्याकाळची क्रूझ आधी बुक करायची का तिथे जाऊन बघायचं? एकदा तोंड पोळलंय म्हणून विचारतोय.

रिकामटेकडी:
अंगठा ही पावती 😂 सॉरी, पण आमच्या घरी पण सेम झालंय म्हणून हसू आलं. आम्हाला तर नमस्कारवाले हात आले होते.

मालवणी_वारो:
मी मालवणचोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दर्यार कोणाचा काय चालना नाय, ही पहिली गोष्ट. तीन नंबरचा बावटा लागला की बोट सोडायची नसते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला की असं होतंच, त्यामुळे दिवाळीत येणाऱ्यांनी एक दिवस हातचा ठेवावा. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत तर सगळंच बंद असतं, तरी दर जूनमध्ये कोणी ना कोणी मला फोन करून विचारतोच की डॉल्फिन दिसतील का. आणि सातची वेळ उगाच देत नाहीत, सकाळी पाणी शांत असतं, उन्हं चढली की वारं उठतं आणि लाटा वाढतात, मग पर्यटक डॉल्फिन बघायचे सोडून बोटीची कड धरून बसतात.

आता पैशांचं. होमस्टेवाले जो नंबर देतात तो बऱ्याच वेळा बोटवाल्याचा नसतोच, मधल्या माणसाचा असतो. त्याने चार बोटवाल्यांना सांगून ठेवलेलं असतं, ॲडव्हान्स त्याच्या खिशात, बोटवाल्याला पैसे फेरी झाल्यावरच मिळणार. मग फेरीच झाली नाही तर बोटवाला म्हणतो मला काही मिळालं नाही, आणि मधला म्हणतो मी बोट धरून ठेवली होती. दोघं खरंच बोलतात, तुमचे दोन हजार तेवढे अडकतात. म्हणून आधी एवढंच विचारायचं, दादा बोट तुमची स्वतःची का? स्वतःची असेल तर तो हवा बघून आदल्या रात्रीच सांगतो की सकाळी येऊ नका. इथली बरीचशी माणसं बावट्यामुळे फेरी गेली तर पैसे परत देतात, त्यांना पुढच्या वर्षी परत गिऱ्हाईक हवं असतं. तुम्ही आईसाठी जीव तोडून तयारी करून आलात आणि हे झालं, वाईट वाटलं.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीला मात्र असलं काही नाही, मालवण जेटीवर खिडकीत तिकीट काढायचं, बोट भरली की निघते, जाऊन येऊन एकच तिकीट. फक्त उतरताना बोटीचं नाव लक्षात ठेवा, साधारण तासाभराने त्याच बोटीने परत यायचं असतं. लोक नाव विसरतात आणि मग परतताना धक्क्यावर प्रत्येक होडीत डोकावून तुम्हीच का ते, तुम्हीच का ते करत बसतात. आणि एक तास कमी पडतो हे माझं स्पष्ट मत, महाराजांनी १६६४ ला काम सुरू केलेला किल्ला, तीन किलोमीटरच्या आसपास तटबंदी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी, शिवराजेश्वर मंदिर, हे काय तासात होतं? बोटवाल्याला चढतानाच सांगा की आम्ही पुढच्या फेरीला येतो चालेल का, बऱ्याचदा हो म्हणतात.

पणजी_फेरी:
मांडवीचं मी सांगते. सांता मोनिका जेटीवरून निघतात त्या बोटी, मांडवी पुलाजवळ. पर्यटन महामंडळाची आहे आणि खासगी पण बऱ्याच आहेत, फेरी एक तासाची. आठवड्याच्या मधल्या दिवशी जात असाल तर थेट जेटीवर गेलात तरी मिळेल, पण ख्रिसमस ते नवीन वर्ष आणि शनिवार-रविवार असेल तर आधीच काढा नाहीतर सूर्यास्ताची फेरी हातची जाते आणि अंधारातली मिळते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो, त्या हिशोबाने बघा कोणती वेळ घ्यायची.

मोठी गोची अशी की तिकीट म्हणजे सीट नव्हे. नंबर बिंबर काही नसतो, जो आधी चढेल त्याला कठड्याजवळची खुर्ची. आमच्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, आम्ही पणजीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून दहा मिनिटं आधी पोचलो तर सगळ्या पुढच्या खुर्च्यांवर लोकांनी रुमाल, पर्स, पाण्याच्या बाटल्या टाकून ठेवलेल्या, अगदी एसटीसारखं. निदान पाऊण तास आधी जा आणि ज्येष्ठांना वर चढवू नका, खालच्या डेकवरूनही नदी दिसते. रस्त्यात बाईकवर थांबवून क्रूझ क्रूझ करणाऱ्यांकडून तिकीट घेऊ नका, आम्हाला एकाने सूर्यास्ताची म्हणून साडेसातची दिली होती.

कार्यक्रम म्हणाल तर देखणी, फुगडी, कोर्रिदिन्यु असे दोनतीन नाच छान असतात, मग डीजे चालू होतो आणि आधी लहान मुलं, मग कपल्स, मग फक्त लेडीज, मग फक्त जेन्ट्स असं करत सगळ्यांना स्टेजवर बोलावतात. आमच्या सासऱ्यांना फार आवडलं, आयुष्यात पहिल्यांदा नाचले. मला डोकं धरून बसावं लागलं. तुमच्या सासरची मंडळी कशी आहेत त्यावर ठरवा, शांतपणे नदी बघायची असेल तर ही क्रूझ नव्हे, पणजी ते बेती फेरीबोटीत बसा.

अलेप्पीहून_परत:
थोडं विषयाबाहेर पण बुकिंगचं आहे म्हणून लिहितो. आम्ही केरळात हाऊसबोट "एसी" म्हणून बुक केली, भर दुपारी बाराला चेक-इन, घाम घाम, आणि एसी चालू करा म्हटल्यावर कळलं तो रात्री नऊनंतरच, जनरेटरचं डिझेल परवडत नाही म्हणे. शिवाय संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला बांधतात कारण नंतर मच्छीमारांची जाळी लागतात. म्हणजे रात्रभर बोटीत फिरायचं हे जे आम्ही डोक्यात घेऊन गेलो होतो ते मुळात नसतंच. दिवसभर एसी हवा असेल तर फुल टाइम एसी असं लिहून घ्यावं लागतं, भाडं वेगळं. चूक आमचीच, दोन ओळी विचारल्या असत्या तर कळलं असतं. मासे मात्र झकास, करीमीन खाऊन सगळं माफ केलं.

कायदा_बियदा:
चिंचवडकर, तुम्ही सेवा घेतलीच नाही आणि रद्द तुम्ही नाही केली, त्यामुळे पैसे मागायचा तुमचा हक्क आहे, बावटा लागला म्हणून ॲडव्हान्स त्याचा होत नाही. जीपेचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपचं बोलणं जपून ठेवा, तो अंगठा पण. मेसेज करा, शांतपणे, तारीख वेळ रक्कम लिहून, बोट गेली नाही असं लिहून, आणि परत द्या म्हणून. कॉल नको, मेसेजच. नाहीच दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, मराठीतही बोलता येतं. दोन हजारासाठी ग्राहक आयोगापर्यंत जायला वेळ कोणाकडे असतो, पण तक्रार नोंदवतो म्हटलं तरी अर्धी माणसं नरम येतात.

आणि जिथे जाल तिथे एकच प्रश्न: हवामानामुळे तुम्ही रद्द केलं तर पैसे परत का दुसरी वेळ? उत्तर लेखी.

रिकामटेकडी:
एलिफंटाचं पण टाका कोणीतरी, आमची मावशी सोमवारी आली होती गेटवेला 🙈

चिंचवडकर:
सोमवारी लेणी बंद असतात एवढं मलाही माहीत आहे, मावशीला सांगा मंगळवारी जा. लाइफ जॅकेट घालायला लावतात हल्ली, १८ डिसेंबर २०२४ च्या एलिफंटाच्या बोटीच्या अपघातानंतर ते कडक केलंय, कुरकुर न करता घाला. आणि वरच्या डेकवर बसायचे बोटीत चढल्यावर वेगळे पैसे घेतात, तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. कायदा_बियदा म्हणाले तसा मेसेज टाकला, हेल्पलाईनचा नंबर खाली लिहून. दोन दिवस निळ्या टिका नुसत्या. काल रात्री पंधराशे आले, पाचशे कशाचे कापले विचारलं तर म्हणे डिझेल भरून ठेवलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली दे सोडून, तो पण सकाळी पाचला उठलाच असेल ना. मी ओके लिहिलं. समोरून पुन्हा अंगठा.