पिनाकातेच्या विवरात उतरू दिलं नाही, म्हणून दिवस वाया?

शहापूरकर_ॲरिझोना
परवा आपल्यातल्याच एकानं लिहिलं होतं: "मेक्सिकोतलं पिनाकाते बघून आलो. काळे दगड, काटे आणि ऊन. विवराच्या काठावर उभं करतात, आत उतरू देत नाहीत. वर परवान्याची कटकट. दिवस वाया गेला. यापेक्षा गोकाकचा धबधबा परवडला." वाचल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी फेब्रुवारीत गेलो होतो. ॲरिझोनातल्या ल्यूकव्हिलला मेक्सिकोची सीमा ओलांडली, सोनोयता गाव मागं टाकलं आणि पुएर्तो पेन्यास्कोच्या रस्त्यानं निघालो. पाणी घरूनच नेलं होतं, कारण आत प्यायला थेंब मिळत नाही. कच्च्या वाटेवर गाडी तासभर खडखडली. शेवटी चालत एक चढ चढलो आणि पायाखालची जमीनच संपली. एल एलेगान्ते, पिनाकातेतलं ज्वालामुखीचं एक विवर. या काठापासून त्या काठापर्यंत दीड किलोमीटरहून जास्त, खोली सुमारे २४० मीटर. तळातली झुडपं वरून मोहरीच्या दाण्याएवढी दिसतात. वर येणारा लाव्हा जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची एका दमात वाफ झाली आणि जमीन फुटली. अशी दहा मोठी गोल विवरं तिथं आहेत. राखेचे शंकू चारशेच्या वर. आणि पलीकडं लगेच वाळूचे डोंगर सुरू होतात, काही २०० मीटर उंच.

आता उतरू का देत नाहीत ते. त्या वाळवंटात बारीक खडे एकमेकाला चिकटून फरशीसारखे बसलेले असतात. पाय पडला की ती फरशी फुटते आणि पाऊस जेमतेम, त्यामुळं पुन्हा बसत नाही. मोजावेच्या वाळवंटात १९४२ साली अमेरिकेच्या जनरल पॅटनच्या फौजेनं रणगाड्यांचा सराव केला, त्या चाकोऱ्या आजही दिसतात. आपण सगळे एकेकदा खाली उतरून फोटो काढले, तर पुढच्या पिढीला विवराऐवजी आपली पायवाटच बघायला मिळेल.

वडगावचा_भटक्या
ते लिहिणारा मीच. घरात बसून नाही लिहिलं. वडिलांना घेऊन मे महिन्यात गेलो होतो, वय ७१. सावली म्हणून नाही कुठं. परतीच्या चालीत त्यांना चक्कर आली. गाडीच्या सावलीत त्यांना बसवून डोक्यावर पाणी ओतत होतो, तेव्हा तुमचं ते विवर किती गोल आहे हे काय सुचणार होतं मला?

आणि नियमाचं म्हणाल तर, अपोलोच्या चांद्रवीरांना १९६५ ते १९७० या काळात तिथंच फिरवून सराव करून घेतला की. त्यांच्या बुटांनी फरशी फुटली नाही वाटतं? लोणारला आपण तळ्यापर्यंत उतरतोच. तेही असंच विवर.

निपाणीचा_मास्तर
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आता बरे असतील अशी आशा. पण मे महिन्यात सोनोराच्या वाळवंटात म्हातारं माणूस नेणं ही त्या विवराची चूक कशी?

लोणारची तुलना चुकली. लोणारला वरून उल्का पडली, बेसॉल्टवर. पिनाकातेत स्फोट खालून झाला. दिसायला दोन्ही गोल, पण एकाचा लाव्हाशी जन्मसंबंध नाही. आणि चांद्रवीर गेले तेव्हा ती जागा आजच्यासारखी राखीव नव्हती. राखीव क्षेत्र १९९३ चं, जागतिक वारसा २०१३ चा. आधी झालं म्हणून आताही होऊ द्या, असं म्हणायचं असेल तर मग खडीसाठी फोडलेल्या आपल्या टेकड्यांबद्दलही बोलायला नको.

जंगलवाट_खानापूर
मास्तर, "राखीव" हा शब्द तुम्ही किती सहज लिहिला. आमच्यात तो शब्द कानावर पडला की पोटात गोळा येतो.

माझं माहेर खानापूरच्या जंगलातलं. गावाचं नाव, खात्याचं नाव लिहीत नाही, भावाला अजून तिथंच राहायचं आहे. चार वर्षांमागं आषाढात काकूला ताप चढला. डांबरी रस्ता नाही, करायला परवानगी नाही. नाल्याला कमरेएवढं पाणी. खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघांनी तिला खांद्यावर घेतलं. वरून प्लास्टिकचं इरलं. एका काठावरून हाका मारायच्या, दुसऱ्या काठावरून दोर टाकायचा. गाडीपर्यंत पोचायला साडेतीन तास लागले. काकू वाचली, म्हणून आज लिहायलोय.

तुम्ही विवर बघून संध्याकाळी घरी जाता. राखीव जागेत जे जन्मले त्यांनी कुठं जायचं? त्या पिनाकातेत आधी कोण राहत होतं, ते एकानंही लिहिलं नाही.

शहापूरकर_ॲरिझोना
ताई, हे मी लिहायला हवं होतं. तिथल्या मूळच्या ओओधाम लोकांचा तो मुलूख. पिनाकाते त्यांना पवित्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे तरुण त्या लाव्हातून चालत समुद्रावर मीठ आणायला जायचे, मिठाची वारीच म्हणा. पुढं १८५३ च्या करारात अमेरिकेनं मेक्सिकोकडून जमीन विकत घेतली आणि नवी सीमा त्यांच्या मुलखाच्या मधून गेली. अर्धे भाऊबंद इकडं, अर्धे तिकडं.

सीमाभाग_५६
हे आम्हाला सांगायलाय? १९५६ ला आमच्यावरून अशीच रेघ ओढली. माझ्या आत्याचं घर चंदगडात, आमचं इकडं. घरात मराठी, सात-बाराचा उतारा कन्नडात. उतारा वाचून घ्यायला मला दुसऱ्याकडं जावं लागतं. आधी यावर बोला, मग मेक्सिकोवर.

वडगावचा_भटक्या
आला सीमाप्रश्न. प्रत्येक धाग्यात तेच. मी एका विवराबद्दल लिहिलं होतं हो.

सीमाभाग_५६
तुला कंटाळा आलाय, कारण तुझं शिक्षण बाहेर झालं, नोकरी बाहेर. आमची पोरं इथंच आहेत.

निपाणीचा_मास्तर
दोघंही थांबा. एकमेकांच्या घरावर जाऊ नका.

खानापूरच्या ताईंना एवढंच म्हणतो. तुमच्या खानापूरचं भीमगड २०११ ला अभयारण्य झालं, त्यामुळं बारापेडे गुहेतली रॉटनची दुर्मीळ वटवाघळं टिकली, म्हादई नदीचा उगम टिकला. ते जंगल गेलं तर तुमच्या गावाचा झराही जाईल.

जंगलवाट_खानापूर
सर, झरा आम्हीच राखला. २०११ च्या आधी ते जंगल काय आकाशातून पडलं होतं? देवराईतली काटकी आमच्या आज्यानं कधी चुलीला लावली नाही. वटवाघळं राहू देत, आमचं काही म्हणणं नाही. पण आजारी माणसाला न्यायला एक वाट द्या. शनिवार-रविवारी ट्रेकला येणाऱ्यांच्या गाड्या गेटपर्यंत येतात, रुग्णाची गाडी का येऊ नये?

निपाणीचा_मास्तर
रुग्णाच्या वाटेला माझा विरोध नाही. आधीच्या प्रतिसादात ते राहिलं, ती माझी चूक.

शहापूरकर_ॲरिझोना
माझंही मत तेवढ्यापुरतं बदललं. विवरात पर्यटकानं उतरू नये, यावर मी ठाम आहे. पण पर्यटकाला लावायचा नियम तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

भटक्या, मी चिडून लिहिलं होतं हे खरं. वडिलांचं ठाऊक नव्हतं.

वडगावचा_भटक्या
बाबा बरे आहेत. मे महिन्यात गेलो ही चूक माझी, तेवढं मान्य. "दिवस वाया" मात्र मागं घेत नाही. काळा दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, हे अजूनही मला पटलेलं नाही.

चिकोडी_शेतकरी
सगळं वाचलं. काळ्या दगडाचं निघालं म्हणून सांगतो.

वडिलांनी विहीर काढली तेव्हा मी दहा वर्षांचा. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. सुरुंग लावून लावून माणसं थकली. पाषाण फुटला तर खाली हातभर लाल पट्टा, विटेच्या भुग्यासारखा, आणि त्याखाली परत पाषाण. आमचे पाथरवट म्हणाले, गेरू लागला. पुढं मुलीच्या कॉलेजच्या सरांनी येऊन सांगितलं की एक लाव्हा निवल्यावर मधे बराच काळ गेला, त्याची माती झाली, आणि त्या मातीवर दुसरा लाव्हा येऊन ती भाजली. साडेसहा कोटी वर्षांमागची गोष्ट. मी रोज त्याच पट्ट्याला पाय लावून मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करत होतो.

भटक्या, वडिलांना घेऊन या आमच्याकडं. विहिरीवर आंब्याची सावली आहे. पट्टा बघायचा तर एप्रिलात या, पाणी उतरलेलं असतं. आत उतरायला पायऱ्या आहेत, फक्त खालच्या चार निसरड्या आहेत, तिथं मी हात धरतो.