मदत हवी आहे: आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या पुढच्या अल्बमचं काही पक्कं कळलंय का कुणाला?

मंडळी, त्यांचा मागचा अल्बम 'सेनजुत्सु' आला सप्टेंबर २०२१ मध्ये, तेव्हापासून पुढच्या स्टुडिओ अल्बमची नुसती वाट बघतोय. ड्रमर निको मॅकब्रेनने डिसेंबर २०२४ मध्ये टूरिंग सोडलं, स्टेजवर त्याच्या जागी सायमन डॉसन आला, ते ठीक, पण रेकॉर्डिंगला ड्रम्सवर कोण बसणार यावर बँडपैकी कुणी बोललंय का? इंटरव्ह्यूची लिंक असेल तर टाका ना प्लीज, यूट्यूबवरचे अंदाजपंचे व्हिडिओ नकोत. माझं म्हणणं एवढंच की यावेळी एकच सीडी बास, मागच्या वेळी शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांच्या वर, चहा उतू गेला तरी इंट्रो चालूच. २००८ ला मुंबईत बीकेसीतल्या त्यांच्या शोला घातलेल्या टीशर्टचं आता फडकं झालंय हो, नवीन घ्यायला कारण पाहिजे 😅