केबिनमध्ये स्वयंपाक करता येत नाही
कॅम्पिंगला तंबूऐवजी केबिन घेतली की अर्धं सामान घरीच राहतं, असं वाटतं. पण तंबू वाचतो, बाकी फारसं नाही. मिनेसोटाच्या स्टेट पार्कांतल्या कॅम्पर केबिनमध्ये बंक आणि गाद्या असतात; चादरी-उशा आपल्याच न्यायच्या, आणि आत स्वयंपाकाला मनाई. लेक शेटेक या तिथल्याच एका तळ्याकाठच्या पार्कात आम्ही हौसेने कुकर नेला होता! संध्याकाळी पाऊस लागला, खिचडी राहिली. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या होत्या म्हणून निभावलं.

आणि मुलांना पोहायचं असेल तर ऑगस्टपेक्षा जून बरा. प्रेअरीतली, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशातली, शेटेकसारखी तळी उथळ, भोवतीच्या मका-सोयाबीनच्या शेतांतलं खत त्यांत उतरतं. ऊन तापलं की पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग येतो, तो विषारी असू शकतो. केबिनचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं.