चर्चा: दृढीकरण अठरा वर्षांनंतरच द्यावं का?

वाडीवाला (वसई)
आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, नुकतंच दृढीकरण झालं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार. मुलं नववी-दहावीची. बिशप आले, कपाळाला तेल लावलं, फोटो झाले, घरोघरी जेवणं झाली. पुढच्या रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) त्यातली बहुतेक गायब. दरवर्षी हेच. आईबापांनाही एकदाचं सुटल्यासारखं वाटतं. प्रथम कम्युनियन झालं, दृढीकरण झालं, आता चर्चची पायरी थेट लग्नाला.

माझं म्हणणं, अठरा पूर्ण झाल्याशिवाय दृढीकरण देऊच नये. अर्ज मुलाने स्वतः लिहावा, आईने भरून दिलेला नको. नाही आला तर नाही आला. चर्चच्या १९८३च्या कायद्यात कलम ८९१ आहे. साधारण समज येण्याच्या वयात दृढीकरण द्यावं, पण बिशपांच्या परिषदेला दुसरं वय ठरवता येतं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे नियम आडवा येत नाही.

धर्मशिक्षिका
वाडीवाले, संस्कार म्हणजे दहावीचं सर्टिफिकेट नव्हे की अभ्यास पुरा झाल्यावर हातात ठेवावं. ती देवाची कृपा आहे. केरळात सिरो-मलबार या कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच तैलाभिषेक, म्हणजे दृढीकरणच, देतात. त्यांची मुलं काय सगळी वाऱ्यावर गेली? उलट आपल्याकडे किती फादर-सिस्टर तिकडून येतात ते बघा.

आणि अठराव्या वर्षी पोरगं असतं कुठे? पुण्याला हॉस्टेलवर, नाहीतर विरार लोकलच्या दारात लटकलेलं. त्याला तेव्हा कोण आणि कसं शिकवणार? आज निदान रविवारी मिस्सेनंतर तासभर तरी माझ्या वर्गात बसतं. तो तासही तुम्ही काढून घेताय.

बॅकबेंचर२२
बाई, मी त्याच तासाला बसायचो. पाढ्यांसारख्या प्रार्थना पाठ. प्रेषितांचा विश्वासांगीकार आजही झोपेत म्हणून दाखवेन. पण बायबलात सहा दिवसांत जग निर्माण झालं आणि बायोलॉजीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे, हे विचारलं तर "फादरांना विचार". फादरांना विचारलं तर "बाईंना विचार". १९५०मध्येच पोप बारावे पायस यांनी कॅथलिकांनी उत्क्रांतीवर अभ्यास-चर्चा करायला हरकत नाही असं लिहून ठेवलंय, हे मला कॉलेजात गेल्यावर स्वतः वाचून कळलं. हे वर्गात सांगायला काय अडचण होती? वय पंधरा ठेवा नाहीतर पंचवीस. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केलं की तो परत येत नाही.

नगरी
जय ख्रिस्त मंडळी. मी नगरकडचा, प्रॉटेस्टंट. आमच्याकडेही दृढीकरण आहे, त्यानंतरच प्रभुभोजन. तुमचा वाद वाचून हसू आलं, रागावू नका. आमची अडचण वयाची नाही, कागदाची आहे.

गावाकडे रात्री जेवणं झाली की आजोबा पेटी काढायचे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग, टाळ, मग बायबलमधल्या वचनाचा एक उतारा, मग आजीची लांबलचक प्रार्थना, तिच्यात म्हशीचंही नाव यायचं. १९१९ साली गेलेल्या माणसाची भजनं आम्हाला कुणी शिकवली नाहीत, कानावर पडत आली. आणि शाळेच्या दाखल्यावर? हिंदू, पुढे जात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ फक्त हिंदूंना. शिखांना १९५६मध्ये मिळाला, बौद्धांना १९९०मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेरच. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका तरुणीचा दावा फेटाळला, का, तर तिचा बाप्तिस्मा झालेला आणि ती चर्चला जाते. तेव्हापासून आमच्या भागातले काही पालक मुलाचं नाव चर्चच्या वहीत घालायलाच कचरतात. आता या पोराला अठराव्या वर्षी "स्वतः अर्ज लिही" म्हणा. तेव्हाच तर त्याला अॅडमिशनसाठी जातीचा दाखला लागतो!

वाडीवाला
नगरीभाऊ, वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट बोलतो, दोन्ही दगडांवर पाय ठेवून मुलाला श्रद्धा कशी देणार? घरात एक, दाखल्यावर दुसरं. मूल हेच शिकतं की विश्वास लपवायची गोष्ट आहे.

नगरी
स्वतःची जमीन-वाडी आहे तुमची, म्हणून आमचे दोन दगड दिसतात. धर्म बदलला म्हणून गावाने आम्हाला वेगळ्या विहिरीवर पाठवणं थांबवलं नव्हतं. जात तीच राहिली, सवलत तेवढी गेली. लपवायला आम्ही शिकवलं नाही, कायद्याने शिकवलं.

दोन_घरची
माझा नवरा हिंदू. लग्न चर्चमध्ये झालं, तेव्हा मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन असं वचन मी दिलंय. "जमेल ते" हे शब्द महत्त्वाचे, कारण सासूबाईंच्या गणपतीत लेक आरतीला उभी राहते आणि मी तिला ओढून आणत नाही. पण झोपताना आमच्याकडे पवित्र माळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, होतंच, नवराही शेजारी बसतो. इथले दोन्ही आईबाप कॅथलिक असलेले किती जण घरी माळ म्हणतात, प्रामाणिकपणे सांगा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४मध्येच म्हटलंय की मुलांना श्रद्धेची पहिली ओळख आईबापांनी करून द्यायची. आपण ते काम बाईंवर टाकलं आणि वर बाईंचा निकाल लावतोय.

बॅकबेंचर२२
बाईंना बोललो त्याबद्दल आकस नाही. त्या एकट्याच सत्तर पोरं सांभाळायच्या.

धर्मशिक्षिका
आकस कसला, खरं आहे ते. उत्क्रांतीचं मलाही कुणी शिकवलं नव्हतं. आमचं ट्रेनिंग म्हणजे मे महिन्यातलं एक शिबिर. बॅकबेंचर, त्या पोपच्या पत्राबद्दल एक पानभर मराठीत लिहून दे, वर्गात वाचते.

वाडीवाले, वय वाढवायचं की नाही ते बिशप बघतील. नववीच्या वर्गाला यंदाही शिक्षक नाही. जूनपासून येता का?

वाडीवाला
शनिवारी माझी नाइट असते. महिन्यातले दोन रविवार जमवतो. पण अठराचा मुद्दा मी सोडलेला नाही.

नगरी
दोन रविवारांत त्यांना टिळकांचं एक तरी भजन शिकवा. पेटी नसली तर माझ्याकडची घेऊन जा.