दिवसभर मराठी टंकन करणाऱ्यानं मेकॅनिकल कीबोर्डच घ्यावा, आणि तो हलक्या स्प्रिंगचा

राजारामपुरी_टंकन

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं येतात. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे, सातबारा सगळं मराठीत आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. त्यामुळं भाषांतराचं आणि टंकनाचं काम वाढलंय. मी हेच काम करतो, आणि या कामात नव्यानं उतरलेली बरीच मंडळी सध्या विचारतायत की कीबोर्ड कुठला घेऊ.

दुकानात एकतर "साधा घ्या, काय फरक पडतोय" म्हणतात, नाहीतर रंगीत दिव्यांचा गेमिंगवाला पुढं करतात. दोन्ही ठिकाणी बोटांचा विचार नाही.

साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराचे घुमट असतात. घुमट पूर्ण दबून खालच्या पडद्याला टेकला की मगच अक्षर उमटतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला बोट तळावर आपटायचं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग आणि स्विच असतो. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड स्विचचं उदाहरण घ्या: बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं, आणि जोर लागतो ४५ ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या वाटेवरून बोट परत उचलता येतं.

इंग्रजी टंकणाऱ्याला एवढ्यानं फार फरक पडणार नाही. मराठीवाल्याला पडतो, कारण इन्स्क्रिप्टमध्ये (संगणकावरची मराठी अक्षरांची मानक मांडणी) उजव्या करंगळीवर केवढं ओझं आहे ते बघा. ज, ड, च, ट, य, ॉ आणि ृ सगळे तिच्याकडे. आमच्या कामात सारखा येणारा शब्द घ्या: 'न्यायालयाच्या'. याला १३ बटणं दाबावी लागतात. त्यातली ५ एकट्या उजव्या करंगळीची (चार य आणि एक च) आणि ६ डाव्या मधल्या बोटाची (काना आणि पाय मोडायचं चिन्ह, दोन्ही त्याच बोटाखाली). उरली दोन बटणं बाकीच्या बोटांना. ख, थ, ध, भ, श, ळ आले की शिफ्ट धरायला डावी करंगळी. सगळ्यात अशक्त बोटाला एवढी मजुरी, आणि ती दिवसभर.

म्हणून माझं स्पष्ट मत: मराठी टंकनावर पोट असेल तर मेकॅनिकल घ्या, ४५ ग्रॅमच्या आसपासचा, टक-टक न करणारा. टक-टक आवाज करणारा ब्लू स्विच नको. कुणाचं वेगळं म्हणणं असेल तर कारणासकट मांडा.

लक्ष्मीपुरी_टायपिंग_क्लास

माझं वेगळं म्हणणं आहे, आणि ते पुष्कळ विद्यार्थ्यांचे हात बघून झालेलं आहे.

हलकं बटण हे शिकलेल्या माणसाचं सुख आहे. नवशिक्याची बोटं मूळ ओळीवर टेकलेली असतात, त्यांचं वजन बटणावर पडतं, आणि अक्षर आपोआप उमटतं. मग मागे जाऊन खोडा. वेग जातो खोडण्यात. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा द्यायची असते, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची. ती द्यायची केंद्रावरच्या साध्या कीबोर्डवर. घरी हलक्या बटणावर सराव करून केंद्रावर गेलेल्या मुलीचा हात तिथे अडतो. अक्षरं गळतात, कारण बटण पुरतं दाबायची सवयच उरलेली नसते.

दुसरं, टाइपरायटरवर शिकलेली जुनी मंडळी अजून कोर्टाबाहेर अर्ज टंकतात. गोदरेजच्या मशीनवर घडलेला तो हात. त्यांना ४५ ग्रॅमचं बटण दिलंत तर बोट कुठे थांबवायचं हेच कळत नाही. त्यातले बरेचजण संगणकावरसुद्धा रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरचीच मांडणी वापरतात, इन्स्क्रिप्ट नव्हे. तुमचा करंगळीचा सगळा हिशेब तिथे जसाच्या तसा लागू होत नाही.

वेग बोटात असतो. कीबोर्डवर दोन-तीन हजार घालवण्याआधी न बघता टंकायला शिका, असंच मी सांगेन.

राजारामपुरी_टंकन

मॅडम, परीक्षेचा मुद्दा मान्य. ज्या यंत्रावर परीक्षा त्याच यंत्रावर सराव, याला माझी हरकत नाही. पण धागा रोज काम करणाऱ्यांसाठी आहे. परीक्षा एकदाच होते, काम वीस-पंचवीस वर्षं चालतं.

जोरात दाबणाऱ्या हाताला ब्राउन स्विच बघता येईल. त्यात अक्षर उमटायच्या जागी बोटाला बारीक उंचवटा लागतो, टक असा आवाज होत नाही, आणि टेकलेल्या बोटानं चुकून अक्षर पडायचं प्रमाण कमी होतं. रेमिंग्टनवाल्यांनाही तळावर आपटणं चुकत नाहीच की. अक्षरांची जागा बदलली तरी रबर तेच राहतं.

शाहूपुरी_हिशेब

ब्लू नको हे कुणी ठरवलं? मी बारा महिने टॅलीत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. टीव्हीएस गोल्ड वापरतो, त्यात चेरीचे ब्लू स्विच असतात. टक आवाज आला की आकडा गेला हे कानाला कळतं. बिलावरनं नजर न काढता नोंदी जातात. बोटाला कळतं तसं कानालाही कळू दे की. बँकांत, छापखान्यांत हा कीबोर्ड उगाच टिकला न्हाय.

आणि एक गोष्ट तुम्ही सोडलीच. हल्ली जो तो छोटा कीबोर्ड घेतोय, आकड्यांचा भाग कापलेला, काहींत तर वरची एफ रांग पण न्हाय. टेबलावर छान दिसतो, मान्य. पण टॅलीत एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस. हे दर व्हाउचरला लागतं. तिथं दोन बटणं एकदम दाबून एफ ५ आणायचा म्हणजे दिवसाकाठी किती वेळ वाया गेला बघा. मार्केट यार्डात गुळाच्या हंगामात हिशेबाच्या पट्ट्या करताना उजवा हात आकड्यांवरनं हलत न्हाय. हिशेबवाल्यानं पूर्ण आकाराचाच घ्यावा, स्विच मागनं बघा.

भाऊसिंगजी_रोड_ज्युनिअर

हिशेबवाले दादा, तुमची स्वतंत्र केबिन असेल. आमच्याकडं एका खोलीत चार टेबलं. सिनिअर फोनवर पक्षकाराशी बोलतायत, शेजारी एकजण डिक्टेशन घेतोय, आणि त्यात ब्लू स्विच? डिक्टेशन घेणाऱ्याला स्वतःच्याच बटणांमुळं शब्द ऐकू येत नाही. शेवटचा 'नाही' सुटला तर अर्जाचा अर्थच उलटा होतो.

आमच्यासाठी सायलेंट लिनिअर (उंचवटा नसलेले, आवाज दाबलेले) स्विच बरे. त्यांच्या आत दांड्याला रबरी गादी असते, खाली आणि वर दोन्हीकडचा ठोका मऊ होतो. बोटाला जरा गचगचीत लागतं, पण खोलीत शांतता राहते. आवाजाच्या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूनं.

उद्यमनगर_स्टोअर

सगळी चर्चा एसीत बसणाऱ्यांची चाललीय. जरा आमच्या शेडमध्ये या.

फाउंड्रीच्या स्टोअरला माझा कॉम्प्युटर. हवेत वाळू आणि लोखंडाची बारीक भुकटी. मी चांगले पैसे घालून मेकॅनिकल घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही. एका पावसाळ्यात बटणं दोन-दोनदा उमटायला लागली. इंग्रजीत एक अक्षर जादा आलं तर वाचणारा समजून घेतो. मराठीत काना दोनदा पडला की अक्षराशेजारी ते ठिपक्यांचं वर्तुळ येतं. चलनावर असली वर्तुळं घेऊन माल गेटमधनं बाहेर कसा काढायचा?

आता ५००-६०० चा साधा आहे. पडद्याची जोडणी आत बंद असते, धूळ तिथवर पोचायला वेळ लागतो. चहा सांडला, बिघडला, फेकला, दुपारी दुसरा आणला, काम थांबलं न्हाय. मेकॅनिकल बिघडला तर इथं दुरुस्त कोण करतो? पुण्याला पाठवा आणि बसा वाट बघत. करंगळीचं ओझं खरं असेल, पण माझ्या जागेवर तो कीबोर्ड टिकतच न्हाय त्याचं काय करू?

सागरमाळ_कोडिंग

उद्यमनगर दादा, तुमच्या कीबोर्डात नेमकं काय झालं ते सांगतो. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. मध्ये धूळ किंवा गंज आला की टेकणं थरथरतं आणि एका दाबाची दोन अक्षरं होतात. यावर उपाय आहेत:

- कैल कंपनीचे बॉक्स स्विच. त्यात जोडणीभोवती बंद पेटी असते, धूळ-पाण्यासाठी आयपी ५६ मानांकन.
- ऑप्टिकल स्विच. त्यात धातूचं टेकणं नाहीच, प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो आणि अक्षर उमटतं.
- हॉट-स्वॅप कीबोर्ड. बिघडलेला एकच स्विच चिमट्यानं ओढून काढायचा, नवा दाबून बसवायचा. सोल्डरिंग नाही, पुणं नाही. फक्त घेताना बघा: काही बोर्डांना तीन पायांचेच स्विच बसतात, पाच पायांचा घेतला तर त्याचे दोन प्लॅस्टिकचे पाय कापावे लागतात. आणि ऑप्टिकल बोर्डात साधे स्विच चालत नाहीत.

चेरीचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले. म्हणून हे सुटे मिळतात आणि स्वस्त मिळतात.

पण धागाकर्त्यांशीही माझं भांडण आहे. तुम्ही जोराचं बोललात, उंचीचं बोलला नाहीत. मेकॅनिकल कीबोर्ड जाड असतो. आपल्याकडं टेबलं उंच, खुर्च्या जुन्या. त्यावर हा ठेवला की मनगट मागं वाकतं आणि दिवसभर तसंच राहतं. लॅपटॉपसारखा कात्रीच्या जोडणीचा चपटा कीबोर्ड तिथं बरा पडतो. मनगट सरळ, आवाजही कमी. मी दहा-दहा तास टाइप करतो आणि चपट्यावरच करतो. हात दुखायचे थांबतात म्हणून मेकॅनिकल घ्या असं कुणी सांगत असेल तर ते मला पटत नाही.

राजारामपुरी_टंकन

हात दुखायचे थांबतात असं मी कुठंही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. दुखणं असेल तर डॉक्टरकडं जावं, कीबोर्डच्या दुकानात नव्हे. मी म्हणतोय की एकाच बोटाला शेकडो वेळा तळावर आपटायला लावू नका.

उंचीचं खरं आहे. पण मागचे पाय उघडून कीबोर्ड तिरका ठेवायची सवय आधी सोडा. ते पाय मिटून ठेवले की मनगट बरंच सरळ होतं. वर तळहाताला टेकू ठेवा, खुर्ची वर घ्या. चपट्या कीबोर्डात बटण जेमतेम खाली जातं. तळ लगेच लागतो, मग प्रत्येक अक्षर तळावरच. कोड लिहिताना तुम्ही मध्येमध्ये थांबून विचार करता. चाळीस पानांचा निकाल उतरवताना हात थांबत नाही.

उद्यमनगरची गोष्ट वेगळी. तिथं दिवसाला चार चलनं आणि नावांची यादी होत असेल तर साधाच ठेवावा. दिवसभर टंकणारा माणूस त्या शेडमध्ये बसत नाही.

उद्यमनगर_स्टोअर

चार चलनं कोण म्हणालं? डिस्पॅचच्या दिवसात सकाळपासनं रात्रीपर्यंत बसतो. शेडमध्ये बसणारा टंकत न्हाय हा तुमचा समज झाला. बॉक्स स्विचचं सागरमाळवाल्यांनी सांगितलं ते बघतो, पण महिनाभर धुळीत वापरून बघितल्याशिवाय चांगला म्हणणार न्हाय.

भाऊसिंगजी_रोड_ज्युनिअर

एक व्यावहारिक शंका. मेकॅनिकलवर मराठी अक्षरं छापलेली सहसा मिळत नाहीत. मग मराठी चालतं का? आमच्या ऑफिसातल्या एकानं या भीतीनंच घेतला नाही.

राजारामपुरी_टंकन

चालतं. कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं एवढंच कळवतो. त्याचा 'य' करायचा की तिरकी रेघ हे विंडोज ठरवतं. सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. इन्स्क्रिप्टची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये आहे, ती कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डवर तीच राहते. अक्षरं बघितल्याशिवाय जमत नसेल तर स्टिकर मिळतात, पण घामानं सुटतात. त्यापेक्षा मॅडमच्या क्लासला जावं, हे मी मनापासून सांगतो.

बटणांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या बघा. एबीएसच्या टोप्या बोटांच्या तेलानं लवकर गुळगुळीत आणि चकचकीत होतात, आणि घामेजलेल्या दिवशी बोट घसरतं.

दुकानात बघायला गेलात तर इंग्रजी वाक्य टाइप करून ठरवू नका. मराठी लावून घ्या आणि 'न्यायालयाच्या', 'ज्याच्या', 'त्याच्याजवळच्या' असे शब्द पाच मिनिटं सलग टंका. करंगळीला काय वाटतं ते तिथंच कळतं. दुकानदार नको म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

शाहूपुरी_हिशेब

पाच मिनिटं आकडे पण मारून बघा. शून्याचं बटण रुंद असतं, स्वस्त बोर्डात ते एका टोकाला दाबलं की अडकतं. एंटर आणि स्पेस पण कडेला दाबून बघा. ब्लूवर माझं मत तेच हाय.

लक्ष्मीपुरी_टायपिंग_क्लास

दुकानातली चाचणी चांगली आहे, ती मी क्लासमध्ये सांगेन. फक्त पाच मिनिटं पुरत नाहीत. नव्या बटणावर पहिली पाच मिनिटं प्रत्येकालाच छान वाटतात. चुका मोजा. तोच उतारा आपल्या जुन्या कीबोर्डवर दहा मिनिटं, नव्यावर दहा मिनिटं, आणि दोन्हीकडे किती वेळा मागे जाऊन खोडावं लागलं ते लिहून काढा. माझ्याकडच्या शिकणाऱ्या मुलींचं खोडणं हलक्या बटणावर वाढतं हे मी बघितलंय, म्हणून परीक्षा होईपर्यंत त्यांना साधाच कीबोर्ड देणार. नोकरी लागल्यावर त्यांनी ब्राउनपासून सुरुवात करावी. तुमच्या रेडची शिफारस मी करणार नाही.

राजारामपुरी_टंकन

ब्राउनपर्यंत आलात, पुष्कळ झालं मॅडम. रेडवर मी ठाम आहे. माझा कीबोर्ड क्लासमध्ये आणून ठेवतो. तुमच्या ज्या विद्यार्थिनी परीक्षा होऊन कामाला लागल्यात, त्यांना त्यावर तोच उतारा टंकू द्या आणि खोडण्याचे आकडे इथं टाका. कमी निघाले, जास्त निघाले, जे असतील ते.